कुठे विकायचं? आधी वजनकाटा काढा

घरचा माल ऑनलाइन विकायचं ठरलं की घरात एकच चर्चा सुरू होते: ॲमेझॉन, मीशो, की इन्स्टाग्रामच पुरे? मोबाइल बाजूला ठेवा. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि शिवणाच्या डब्यातली टेप घ्या. मी भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि दिवाळीत चिवडा-चकल्या करते, तेव्हा उदाहरणंही तीच.

आधी माल खऱ्या खोक्यात बांधून बघा. अर्धा किलो चिवड्याला ३० बाय २० बाय १५ सेंटिमीटरचं खोकं घेतलं, तर कुरियरवाले सहसा त्या तिन्ही आकड्यांचा गुणाकार करून ५००० ने भागतात. उत्तर येतं १.८ किलो, आणि भाडं त्या १.८ किलोचं. चिवड्याचं नाही, हवेचं भाडं भरतो आपण! भाजणी मात्र विटेसारखी दाबून बसते, तिला छोटं पाकीट पुरतं. मग तेच खोकं कमरेच्या उंचीवरून दोनदा फरशीवर टाका. मी हे न करता एका मोठ्या साइटवरून चकल्या पाठवल्या. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या फोटोत एक वेढा शाबूत नव्हता. पैसे परत गेले, वर परतीचं भाडंही माझ्याच माथी. तेव्हापासून चकल्या फक्त डोंबिवलीत, व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊन हातोहात.

टिकण्याचे दिवसही मोजा. अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, एफएसएसएआयने, नोव्हेंबर २०२४ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना बजावलं की माल गिऱ्हाइकाच्या हातात पडताना त्याच्या मुदतीतले किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस शिल्लक हवेत. महिनाभर टिकणाऱ्या चिवड्याने गोदामात मुक्काम करावा कशाला? साइटवर मसाला चढवा, चिवडा ओळखीत विका.

कागदपत्रं आधी करा, नंतर धावपळ होते. एफएसएसएआयच्या नोंदणीचा १४ आकडी नंबर व्हॉट्सॲपवर विकलं तरी लागतो. पाकिटावर नाव-पत्ता, घटक, निव्वळ वजन, एमआरपी, तारखा, तक्रारीसाठी फोन आणि शाकाहारी मालाचा हिरवा ठिपका.

जीएसटीचं प्रकरण जरा नीट वाचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून ४० लाखांच्या आत उलाढाल असलेल्याला जीएसटी नंबराशिवायही साइटवर माल विकता येतो. जीएसटी पोर्टलवर एनरोलमेंट नंबर घ्यायचा, पण विक्री आपल्याच राज्यात. म्हणजे पुण्याला चालेल, बेळगावला नाही. आणि गोड्या मसाल्याची आठवण काढणारी माणसं नेमकी बेळगाव, इंदूर, बडोद्यात! त्यांना मसाल्यासारखा करपात्र माल पाठवायचा तर जीएसटी नंबर काढावाच लागतो, साइटवरून विका की स्वतः कुरियर करा.

मग एक पाकीट धरून वहीत खर्च मांडा. सामान, मसाला कुटून देणाऱ्या डंकवाल्याची मजुरी, पिशवी, खोकं, साइटचं कमिशन, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, भाडं आणि परत येणारी पाकिटं. परतीचा आकडा बायका हमखास विसरतात, मीही विसरले होते. मीशोने २०२१ मध्ये विक्रेत्यांचं कमिशन शून्यावर आणलं, पण तेवढ्यावर भुलू नका. तिथे येणारं गिऱ्हाईक भाव बघत येतं, आणि लवंग, दगडफूल, नागकेशर घालून केलेला मसाला त्या भावात बसत नाही. भाव कमी करण्यापेक्षा मी तिथे गेलेच नाही.

स्वतःची वेबसाइट पहिल्या वर्षी काढू नका. नेहमीची गिऱ्हाइकं मागे लागली की बघता येईल.

यातून एक जागा मनात बसली, की नोंदणीआधी तिथून दुसऱ्या कुणाची तरी भाजणी मागवा. किती दिवसांत आली, पाकिटावर मुदत किती उरलीय, पीठ कुठे सांडलंय का ते बघा. आणि खोकं रद्दीत टाकण्याआधी त्याला टेप लावून माप घ्या.