परसात कोंबड्या मोकळ्या, भाजीही शाबूत

सकाळी मेथी पेरावी आणि दुपारी त्याच वाफ्यात कोंबडी पंख पसरून लोळताना दिसावी, हे गावठी कोंबड्या पाळणाऱ्यांना नवीन नाही. अशा वेळी बहुतेक जण पानं जपायला धावतात. कोंबडी पानं खाते हे खरं, पण चोचीपेक्षा तिच्या पायांनी नुकसान जास्त होतं. किडे, गांडुळं आणि बी शोधत ती माती मागे फेकते. मुळं उघडी पडतात आणि उन्हं चढली की रोप माना टाकतं. पोटभर दाणे खाल्लेली कोंबडीसुद्धा उकरतेच, कारण तो तिचा स्वभाव आहे. तेव्हा आधी मातीचा बंदोबस्त करायचा, पानांचा नंतर.

नुकत्या पेरलेल्या वाफ्यावर षटकोनी तारेची जाळी जमिनीलगत आडवी अंथरावी. गिलाव्यात वापरतात ती चिकन मेश हार्डवेअरच्या दुकानात मिळते. एक इंची किंवा त्याहून बारीक छिद्रांची, तीन फूट पन्ह्याची घ्या आणि वाफा अडीच फूट रुंद ठेवा, म्हणजे कडेला तीन-तीन इंच जाळी उरते. जाड तारेचे नऊ इंची तुकडे इंग्रजी यू अक्षरासारखे वाकवून दर दोन फुटांवर मातीत दाबा. नख तारेला अडकायला लागलं की कोंबडी तिथून निघून जाते. मात्र रोपं बोटाच्या एका पेराएवढी झाली की जाळी उचलायलाच हवी. दोन-चार दिवस जरी राहून गेलं तरी पानं छिद्रांतून वर येऊन फाकतात आणि जाळीबरोबर रोपंही उपटून निघतात. तारेचे कापलेले बारीक तुकडे न विसरता वेचून घ्या, कोंबडी चकाकणारं काहीही गिळते.

जाळी उचलली की कमानी उभ्या करायच्या. अडीच फुटी वाफ्यावर अर्धगोल कमानीला सुमारे चार फूट लागतात, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच मातीत जायला हवेत, म्हणजे बांबूची कामटी साडेपाच फुटांची कापावी. कमानींत अडीच फुटांचं अंतर ठेवा आणि माथ्यावरून एक आडवी कामटी बांधा. तिच्यावर पक्ष्यांपासून बचावाची नायलॉन जाळी ताणून घ्या. पन्हा किमान सहा फूट असावा, कडा दगडांखाली दाबता येतात. जाळी सैल राहिली की कोंबड्या तिच्यावर बसतात आणि झोळ पडलेल्या जागी पालक खालपर्यंत टिपतात. मासेमारीचं जुनं जाळं फुकट मिळतं म्हणून वापरू नका. त्यात धामण अडकते आणि कोंबडीची बोटंही. हिरवं शेडनेट उन्हाळ्यात चालतं, पावसाळ्यात त्याच्या सावलीत पालेभाजी लांबुडकी होते.

फळझाडांच्या आळ्यात उपाय वेगळा. पालापाचोळ्याचं आच्छादन कोंबड्या तासाभरात अंगणभर करतात. त्यावर नारळाची सोडणं पालथी, एकमेकांना चिकटून मांडा. ती वजनाने तग धरतात आणि ओलही टिकवतात. कोकणात जांभ्याचे तुकडे हाताशी असतात, तेही चालतील, फक्त फटी दोन बोटांपेक्षा मोठ्या नकोत. कुंडीत करवंट्या पालथ्या ठेवा. आलं-हळदीची पानं कोंबड्या सहसा खात नाहीत, पण गड्डे उघडे पाडतात, तेव्हा तिथेही हे आच्छादन लागतंच. पडवळ, दोडका, कारलं मांडवावर चढेपर्यंतच जपावं लागतं. बुंध्याभोवती दीड फूट व्यासाचं जाळीचं कडं पुरतं (पाच फूट जाळी, दोन खुंट). कडं अरुंद केलंत तर चोच आत पोचते.

सगळी भाजी एकाच कोपऱ्यात असेल तर कुंपण सोयीचं. वजनदार सुधारित जातींना चार फूट बस्स होतात, गावठी कोंबडीला सहाही कधी कमी पडतात. ती सरळ उडून पार होत नाही, आधी माथ्यावर बसते. म्हणून वर आडवा बांबू बांधूच नका, जाळीचा वरचा अर्धा फूट सैल, लवचीक सोडा. खाली फूटभर जाळी बाहेरच्या बाजूला आडवी वळवून दगड ठेवा. पंख कापणं हा शेवटचा उपाय. एकाच पंखाची बाहेरची दहा मोठी पिसं अर्ध्यावर कापतात, पण नव्या वाढत्या पिसाच्या देठात रक्त असतं, ते कापू नये. पीस गाळलं की पंख पुन्हा येतो. कोंबड्या रात्री झाडावर बसत असतील तर हे करूच नका, मुंगूस किंवा कुत्रं आलं तर ती वर जाऊ शकणार नाही.

तिखटाचं पाणी फवारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो फुकट जातो, कारण मिरचीचा झणका पक्ष्यांना लागत नाही. रानातली मिरची पक्षीच खातात आणि तिचं बी पसरवतात.

कोंबड्यांना त्यांची हक्काची जागा दिली की निम्मा त्रास कमी होतो. पडवीच्या वळचणीला, पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी तीन बाय तीन फुटांचा, फूटभर खोल खड्डा घ्या. कोरडी माती, बारीक वाळू आणि चुलीची पूर्ण विझलेली राख सारख्या भागांत मिसळून भरा. कोंबड्या उवा-पिसवा झाडायला धुळीत लोळतात, ती सोय वाफ्यात शोधावी लागत नाही. शेजारी पाल्याचा ढीग करून रोज सकाळी मूठभर तांदळाची कणी त्यात उधळा. पालेभाजीच्या दिवसांत खुराडं दुपारी चारनंतरच उघडावं. दिवेलागणीला त्या आपण होऊन परततात, उकरायला दोन-अडीच तासच मिळतात. पिल्लांची कोंबडी मात्र सर्वांत जास्त विस्कटते आणि पिल्लं एक इंची छिद्रातून आत शिरतात. तिला महिनाभर डालग्याखाली किंवा वेगळ्या कुडात ठेवणंच बरं. एका गुंठ्याच्या परसात चार-पाचांहून जास्त कोंबड्या असतील तर यातलं काहीच नीट साधत नाही.

कोंबड्या फिरतात तिथे दाणेदार कीटकनाशक, उंदराचं औषध किंवा गोगलगायींची गोळी टाकू नका. त्यांना ते दाणेच वाटतात. औषध चोळलेलं बियाणंही उघडं राहू देऊ नका.

आणि पीक निघालेल्या वाफ्यात त्यांना मुद्दाम सोडा. कुदळीने माती पालथी केल्याबरोबर सोडलंत तर वर आलेली हुमणी त्या नेमकी टिपतात, तणाचं बीही खातात. आठ-दहा दिवस पुरेत. त्यानंतर ताजी विष्ठा मातीत असते, ती कोवळ्या मुळांना भाजते. वाफा पंधरवडाभर ओला ठेवून मगच लावणी करा, आणि पहिलं पीक भेंडी किंवा वांग्याचं घ्या. कोथिंबीर, मुळा असं कच्चं खायचं काही त्या वाफ्यात पुढचे चार महिने नको.