येष्टी आली नाही, आम्ही पैदल गेलो

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी दहावीच्या पोरांची इंग्रजीची शिकवणी घेतो. परवा एका पोरीने लिहिलं: द बस डिड नॉट कम, वी वॉक्ड टू स्कूल. मी स्वल्पविरामाभोवती लाल गोल केला, तर म्हणते, "सर, यात काय चुकलं? येष्टी आली नाही, आम्ही पैदल गेलो. आपण असंच तं बोलतो."

बरोबर बोलली. मराठीत हे खपतं. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जुळत नाहीत. काहीच चिन्ह नसेल तर आणखी वाईट. यालाच रन-ऑन म्हणतात.

ओळखायचं कसं? वाक्य लांब आहे का, ते पाहू नका. 'आय केम, ही लेफ्ट' चार शब्दांचं आहे, तरी रन-ऑनच. कर्ता-क्रियापदाच्या जोड्या मोजा. 'माय मदर वेन्ट टू द फील्ड टू पिक कॉटन' यात जोडी एकच: मदर, वेन्ट. 'टू पिक' म्हणजे आपलं 'वेचायला'. ते मोजायचं नाही. बसच्या वाक्यात जोड्या दोन, आणि मध्ये जोडणारा शब्द नाही. मोठ्याने वाचून कळतं म्हणतात, पण आपल्याकडे माणूस पेरणीपासून बाजारापर्यंतची गोष्ट एका दमात सांगतो! माझ्या पहिल्या इंग्रजी अर्जात आठ ओळी होत्या आणि पूर्णविराम एक. साहेबांनी विचारलं, "तुम्हाला नेमकं पाहिजे काय?"

दुरुस्ती सोपी आहे. पूर्णविराम द्या: द बस डिड नॉट कम. वी वॉक्ड टू स्कूल. किंवा स्वल्पविराम ठेवून पुढे सो घाला: द बस डिड नॉट कम, सो वी वॉक्ड टू स्कूल. अँड, बट, ऑर, येट हेही असेच चालतात. अर्धविरामही चालतो, पण परीक्षेत त्याच्या वाटेला जाऊ नका. नाहीतर एका वाक्याला दुसऱ्यावर टेकवा: बिकॉज द बस डिड नॉट कम, वी वॉक्ड टू स्कूल.

हाउएव्हर, देन, देअरफोर हे मात्र फसवे. जोडणारे वाटतात, पण स्वल्पविरामासोबत दोन वाक्यं जोडायची ताकद त्यांच्यात नाही. 'इट रेन्ड, देन वी वेन्ट होम' हे चूकच. 'देन'च्या आधी अँड घाला.

त्या पोरीने वही परत आणली: बिकॉज द बस डिड नॉट कम, सो वी वॉक्ड. 'कारण'ही आणि 'म्हणून'ही! बिकॉज असेल तर सो काढा. तिने बिकॉज खोडला, सो ठेवला.