सिगारची बदलती चव कशी चाखावी: विदर्भाच्या हवेत, सपरीत बसून

हाताने वळलेली चांगली सिगार पाऊण-एक तास चालते आणि तेवढ्या वेळात तिची चव दोन-तीनदा पालटते. आपल्याकडे मात्र परदेशातून आलेल्या भाच्याने दिलेली सिगार बहुतेक जण बिडीच्या हाताने ओढतात. तेंदूचे पान सहज जळत नाही, त्यामुळे बिडी सारखी ओढत राहिली नाही तर विझते. ती सवय सिगारला लावली की निखारा तापतो, दहा मिनिटांत तोंड कडू होते आणि माणूस म्हणतो, "मले त नुसता धूरच लागते गा!" त्याचे बरोबरच असते, त्याच्यापर्यंत धूरच पोचलेला असतो.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून ती निर्धोक, ही समजूत चुकीची आहे. तिचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरते. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा, फुप्फुसाचा कर्करोग यांचा धोका तिच्यातही आहे. जो ओढत नाही त्याने हे वाचून सुरू करू नये. ज्याला खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुना घोटून केलेल्या मिश्रणाची, सवय आहे त्याला तर चवीचा उपयोगच नाही. चुना-सुपारीने सोललेल्या तोंडाला मिरे आणि लाकूड यांतला फरक कळणार कसा? हा लेख क्वचित, सणावारी एखादी सिगार घेणाऱ्या प्रौढ माणसासाठी आहे.

चव बदलते कशामुळे

अनेकांना वाटते, कारागीर सिगारच्या तीन भागांत तीन प्रकारची पाने भरतो. चांगल्या सिगारमध्ये तसे नसते. आतली पाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबच्या लांब जातात. झाडाच्या शेंड्याकडचे लिगेरो हे पान जाड, जोरकस आणि हळू जळणारे, म्हणून ते मधोमध ठेवतात. मधले सेको वासासाठी, खालचे वोलादो नीट जळण्यासाठी. या सगळ्यांना एक पान बांधून ठेवते आणि वरून सर्वांत देखणे पान गुंडाळलेले असते.

म्हणजे शेवटपर्यंत जवळजवळ तीच पाने जळतात. बदलते ते अंतर. सुरुवातीला निखारा ओठांपासून चार-पाच इंच दूर असतो. धूर तेवढ्या पानांतून गार होत, गाळत येतो आणि त्यातला ओलावा, तेलकटपणा, निकोटिन वाटेत पानांवर बसत जाते. निखारा जवळ येतो तशी वाट आखूड होते आणि हा साठाही जळू लागतो. म्हणून धूर दाट, गरम, जोरकस होत जातो. पाने ठरवणे तुमच्या हातात नाही, निखारा किती तापू द्यायचा हे मात्र पूर्णपणे तुमच्याच हातात आहे.

आधी ओलावा सांभाळा

विदर्भात खरी मेहनत इथेच आहे. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते आणि श्रावणात ८० च्या वर चढते. कोरडी सिगार भरभर जळते, तोंड भाजते, वरचे पान तडकते. ओली सिगार ओढली जात नाही, एका बाजूने जळते आणि आंबट-कडू लागते.

लाकडी पेटी हवीच असे नाही. रबराच्या कडेचा नवा हवाबंद डबा पुरतो. मसाल्याचा जुना डबा कितीही घासला तरी नको, तंबाखू वास ओढून घेते. त्यात ६५ किंवा ६९ टक्क्यांचे, ओलावा देणारे आणि शोषणारेही पाकीट ठेवा आणि एक छोटा आर्द्रतामापक. स्वस्त मापक हमखास चुकीचे आकडे दाखवतात, म्हणून आधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन त्यात थेंब थेंब पाणी घाला. मीठ विरघळू द्यायचे नाही, ओल्या वाळूइतपत भिजवायचे. ते झाकण आणि मापक एका डब्यात बंद करून दिवसभर ठेवा. आत ७५ टक्के आर्द्रता होते. मापक ७१ दाखवत असेल तर यापुढे त्याच्या आकड्यात ४ मिळवायचे.

डबा टिनाच्या छपराखाली ठेवू नका. मातीच्या भिंतीची आतली खोली उत्तम. उष्णता फार काळ २५ अंशांच्या वर राहिली तर पानांत दडलेली तंबाखूच्या किड्याची अंडी उबू शकतात. सिगारवर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोके दिसली की समजायचे. उन्हाळ्यात हवाबंद डबाच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवतात, पण बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायचा नाही, नाहीतर सिगारवर पाणी धरते. मला विचाराल तर ही सगळी यातायात करूच नये. वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या गावात सिगारचा हंगाम कोजागिरी ते होळी एवढाच मानावा आणि डबी तोवर संपवावी.

सिगार तयार आहे का हे बोटांनी कळते. हलके दाबा: किंचित दबून परत फुगली तर ठीक. कुरकुरली तर कोरडी, दबून तशीच राहिली तर ओली. कोरडी पडलेली सिगार एका रात्रीत ओली करायला जाऊ नका; आतली पाने फुगतात आणि वरचे पान फाटते. डब्यात दोन-तीन आठवडे राहू द्या.

वेळ, जागा, तोंड

सावजी रस्सा खाऊन उठल्यावर सिगार म्हणजे सिगारचा आणि रश्श्याचा, दोघांचाही अपमान. वरण-भातासारखे साधे जेवण करा आणि तासभर जाऊ द्या. उपाशीपोटी तर अजिबात नको, निकोटिनने डोके गरगरते. तसे झालेच तर सिगार ठेवून द्या, गुळाचा खडा आणि पाणी घ्या. सोबत साधे पाणी किंवा कोरा चहा चालतो. दुधाचा चहा जिभेवर थर धरतो आणि संत्र्याचा आंबटपणा तर सगळेच पुसून टाकतो. नागपुरी असलो तरी संत्री त्या दिवशी दूर ठेवावीत.

वारा वाहत असेल तर उघड्या अंगणात बसू नका. वाऱ्याने निखारा फुलतो आणि एक बाजू पुढे पळते. सपरीत, भिंतीच्या आडोशाला, लेकरांपासून लांब बसा. बसस्टँड किंवा बाजार नको. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला कायद्याने बंदी आहे.

आता वहीच्या पानावर सिगार आडवी ठेवा आणि तिच्या लांबीची रेघ ओढून तिचे तीन समान भाग करा. राख जिथवर पोचेल तिथे, त्या जागेवर चव लिहायची. एवढ्या साध्या युक्तीने जिभेला जितके वळण लागते तितके महागड्या सिगारनेही लागत नाही.

कापणे आणि पेटवणे

तोंडाच्या टोकावर पानाची छोटी टोपी चिकटवलेली असते. तिच्या कडेच्या आतच, दोनेक मिलिमीटर कापा. टोपीची कड ओलांडली तर वरचे पान उलगडत जाते. दाताने तोडू नका. अडकित्त्याचा मोह होईल, पण तो चिरडतो. धारदार पाते घ्या.

न पेटवताच एक-दोनदा ओढून पाहा. कोरड्या पानाची चव कळते: कधी धानाची तणस, कधी मनुके. वहीत रेघेच्या आधी हे लिहा.

पेटवायला लांब काडीची आगपेटी किंवा गॅसचा लायटर. पेट्रोलच्या लायटरचा आणि मेणबत्तीचा वास धुरात उतरतो. काडीचा गुल जळून जाऊ द्या, मग ज्योत सिगारला न लावता खाली धरा आणि टोक फिरवत राहा. कडा राखाडी झाल्या की हलके ओढत पुन्हा फिरवा. शेवटी टोकावर फुंकर घाला: निखारा सगळीकडे सारखा लाल दिसला पाहिजे. घाई केली तर पुढचा पाऊण तास वाकडी जळणारी सिगार सरळ करण्यात जातो.

चाखणे

मिनिटाला साधारण एक झुरका. धूर तोंडात दोन-तीन सेकंद फिरवा आणि सोडा, छातीत घेऊ नका. निखाऱ्यामागचा भाग बोटांना गरम लागला तर दोन मिनिटे थांबा. राख दर झुरक्याला झटकायची नाही. इंचभर राहू द्या, ती निखारा शांत ठेवते.

चव म्हणतो त्यातला मोठा वाटा वासाचा असतो. म्हणून प्रत्येक भागात एक-दोनदा, तोंडातला बहुतेक धूर सोडून उरलेला थोडासा नाकावाटे काढा. डोळ्यांत पाणी येईल, पण तिखट कुठे संपते आणि गोड कुठे सुरू होते हे तिथेच कळते.

पहिल्या अर्ध्या इंचात मत बनवू नका, ती पेटवण्याची चव असते. त्यानंतर पहिल्या भागात बहुधा मिरे, कोरडे लाकूड, तणस. निकाराग्वाच्या पानांत मिऱ्याचा ठसका जास्त, कनेक्टिकटच्या कापडी सावलीत वाढवलेल्या फिकट पानाखाली तो बराच सौम्य.

मधला भाग मला सर्वांत आवडतो. तिखटपणा मागे सरतो आणि भाजल्याचे वास येऊ लागतात: फुटाणे, भाजके शेंगदाणे, कॉफी, गुऱ्हाळाच्या कढईच्या कडेचा गूळ. गडद वेष्टनाच्या सिगारमध्ये कधी वाळलेल्या मोहफुलांचा जड गोडवा येतो, तो आपल्या भागातल्या माणसाला चटकन सापडतो. सिगारच्या माहितीपत्रकात 'सीडर' असे एका सुवासिक लाकडाचे नाव लिहिलेले असते. तुम्हाला सुताराकडच्या सागाच्या भुशाचा वास आला तर वहीत साग लिहा. काहीच नाव सुचत नसेल तर फक्त एवढे विचारा: मघापेक्षा गोड की कडू? तोंड कोरडे पडले की सुटले?

दोघे असाल तर एकाच प्रकारच्या दोन सिगारी घ्या आणि लिहून होईपर्यंत बोलू नका. एकाने "कॉफी" म्हटले की दुसऱ्यालाही कॉफीच लागते.

शेवटच्या भागात ओली माती, चामडे, करपट कॉफी. इथे झुरके आणखी लांबवा. कडवटपणा टोचू लागला तर सिगारमधून बाहेर हलकी, लांब फुंकर घाला. साठलेला धूर निघून जातो आणि पुढचा झुरका पुष्कळदा स्वच्छ लागतो. दोनदा असे करूनही तोंड चुरचुरत असेल तर तिथेच थांबा. पैसे वसूल करायला बोटे भाजेपर्यंत ओढणारे असतात, त्यांच्या वहीत शेवटी "कडू" एवढेच उरते.

मध्येच विझली तर राख झाडा, एकदा फुंका, पुन्हा पेटवा. तासाभरात चालते, रात्रभर ठेवलेली उद्या पेटवू नका.

विझवताना चिरडू नका, शिळा वास घरभर होतो. मातीच्या परईत वाळू घालून त्यात आडवी ठेवा, आपोआप विझते. दिवाळीनंतर घरात कापूस आणि अंगणात तणस असते, तेव्हा थोटूक बाहेर फेकण्याआधी वाळूत पाणी ओता.

सिगारचा कागदी पट्टा वहीच्या त्याच पानावर चिकटवून तारीख लिहा. त्याच डबीतली पुढची सिगार दोन महिन्यांनी घ्या आणि जुने पान तेव्हा उघडू नका. नवी रेघ भरून झाली की मग दोन्ही ताडून पाहा.