सेकंडहँड पॉवरफुल एसयूव्ही घ्यायचीय? कोल्हापुरात आधी मिस्त्री, मग गाडी

नव्या फॉर्च्युनरला ऑन-रोड जेवढे पैसे लागतात, तेवढ्यात आठ-दहा वर्षं वापरलेली पोर्शे कायेन टर्बो, व्ही-8 इंजिनाची रेंज रोव्हर स्पोर्ट किंवा एखादी मर्सिडीज-एएमजी मिळू शकते. 500 च्या आसपास हॉर्सपॉवर, सव्वादोन टन वजन, आणि किणी टोलनाका ओलांडून पाय दाबला की पाठ सीटला चिकटते. मला या गाड्या मनापासून आवडतात. ज्याला त्यांचा नाद लागलाय त्याला मी 'घेऊ नको' म्हणत नाही, फक्त क्रम बदलायला सांगतो.

नेहमीचा क्रम असा: गाडी दिसते, मन बसतं, टोकन दिलं जातं, आणि डॅशबोर्डवर पहिला पिवळा दिवा पेटल्यावर दुरुस्तीचा विचार सुरू होतो. मुंबईत किंवा बंगळुरात हे एकवेळ निभावतं. आपल्याकडं नाही. म्हणून पहिली पायरी गाडी बघण्याची नाही.

पायरी 1: दुरुस्ती कोण करणार ते ठरवा

उद्यमनगरात लेथवर हवा तो पार्ट घडवून मिळतो, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. पण या गाड्यांत बिघडलेला भाग बहुतेक वेळा लोखंडाचा नसतो. नवा कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, बसवला की तो त्या गाडीच्या चासी नंबरशी जोडून कोडिंग करावं लागतं. एअर सस्पेन्शनचं, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या बॅगांवर गाडी तोलणाऱ्या यंत्रणेचं, काम झाल्यावर चारही कोपऱ्यांची उंची सॉफ्टवेअरमधून बसवावी लागते. हात कितीही चांगला असला तरी त्या कंपनीचा स्कॅनर नसेल तर काम अडतं.

त्यामुळं मिस्त्रीला तीन गोष्टी सरळ विचारा. याच ब्रँडचा पूर्ण स्कॅनर आणि कोडिंगची सोय आहे का? हेच इंजिन तुम्ही स्वतः उघडलंय का? पार्ट कुठून येतात आणि किती दिवस लागतात? उत्तरं समाधानकारक असतील तर त्याच मिस्त्रीला, त्याची फी देऊन, गाडी तपासायला न्यायचं. तसा माणूस कोल्हापुरात मिळाला नाही, तर त्या ब्रँडचं अधिकृत वर्कशॉप सगळ्यात जवळ कुठं आहे ते शोधा आणि तिथवर गाडी उचलून न्यायचा भाव आधीच काढा. पुणं धरलं तरी 230 किलोमीटर. आणि या चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या दोन चाकं उचलून ओढत नेता येत नाहीत, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) खराब होतात. फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रकच, लागतो. ही सोय ज्या ब्रँडची बसत नाही, तो ब्रँड इथंच यादीतून काढून टाका, मग गाडी कितीही देखणी असो.

पायरी 2: हिशेब नव्या किमतीवरून करा

गाडी 45 लाखांना मिळाली म्हणून तिचे पार्ट 45 लाखांच्या गाडीचे होत नाहीत. नवी असताना ती दीड-पावणेदोन कोटींची होती. तिची ब्रेक डिस्क, एअर सस्पेन्शनची बॅग, हेडलाइट आजही त्याच पातळीच्या भावात येतात.

पेट्रोलचं गणित सोपं आहे. वर्षाला 10,000 किलोमीटर, लिटरला 5 चं अॅव्हरेज आणि 105 रुपयांचा भाव धरला तर 2,10,000 रुपये नुसत्या इंधनाचे. 20-21 इंची टायरच्या एका सेटला दीड-दोन लाख धरून चाला. विम्यात झीरो डेप (पार्टचा घसारा न कापणारं संरक्षण) बहुतेक कंपन्या पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला देतात, काही सातपर्यंत. त्याहून जुन्या गाडीला बंपर घासला तरी प्लॅस्टिकच्या अर्ध्या पैशांची तयारी आपली.

माझा ठोकताळा असा: खरेदीच्या किमतीच्या किमान 20 टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला हवी, तीही कर्जातून काढलेली नको. 45 लाखांच्या गाडीला 9 लाख. ते 9 लाख नसतील तर 35 लाखांची गाडी बघा, किंवा वर्षभर थांबा.

भाव ठरवताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या एसयूव्हीवरचा कर आधीच्या जीएसटी आणि सेस मिळून 50 टक्क्यांवरून 40 टक्के जीएसटीवर आला. नवी गाडी स्वस्त झाली म्हणजे जुनीचा भावही उतरायला हवा. ज्या मालकाच्या डोक्यात अजून जुनाच आकडा आहे, त्याला हे शांतपणे दाखवून द्यायचं.

पायरी 3: त्या मॉडेलचं दुखणं आधीच माहीत करून घ्या

प्रत्येक इंजिनाचं एक ठरलेलं दुखणं असतं. ते झालंय, होऊ घातलंय की आधीच्या मालकानं बिलासकट निस्तरलंय, हेच खरं बघायचं असतं.

पहिल्या पिढीच्या व्ही-8 कायेनमध्ये इनटेक मॅनिफोल्डखालून जाणारे कुलंटचे (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचे) पाइप प्लॅस्टिकचे होते. उष्णतेनं ते कडक होऊन तडकतात. अॅल्युमिनियमचे पाइप बसवल्याचं बिल असेल तर मोठी काळजी मिटली. बीएमडब्ल्यूच्या 4.4 लिटर ट्विन-टर्बो व्ही-8 मध्ये दोन्ही टर्बो सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या खाचेत बसवलेत. ताकद लगेच मिळते, पण सगळी उष्णता तिथंच कोंडते. व्हॉल्व्हचे सील कडक होतात आणि इंजिन ऑइल पिऊ लागतं. रेंज रोव्हरच्या 5.0 लिटर सुपरचार्ज्ड इंजिनात टायमिंग चेनचे (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या साखळीचे) गाइड आणि टेन्शनर झिजतात, शिवाय तिथंही प्लॅस्टिकचे कुलंट पाइप आहेत. जीप ग्रँड चेरोकी एसआरटीचं 6.4 लिटर इंजिन बिनटर्बोचं आणि त्या मानानं साधं, पण भारतात ती मोजक्या संख्येनं आली, त्यामुळं पार्टची वाट बघावी लागते.

झेडएफ या जर्मन कंपनीच्या 8-स्पीड ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल 'यातलं ऑइल आयुष्यभर चालतं' असं विक्रेते सांगतात. स्वतः झेडएफ 80,000 ते 1,20,000 किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते. गाडी 90,000 चालली असेल आणि बदलल्याची नोंद नसेल, तर तो खर्च भावातून वजा करा.

पायरी 4: पुराची गाडी ओळखा

ही पायरी आपल्या भागात कुणीही वगळू नये. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021, दोन्ही वेळा पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पन्नास फुटांच्या वर गेली. किती पार्किंग बुडाली ते आपण डोळ्यांनी बघितलंय. आणि पाण्याखालची गाडी फक्त इथलीच असते असं नाही. सप्टेंबर 2022 मध्ये बंगळुरात उंची बंगल्यांच्या वसाहती बुडाल्या होत्या, चेन्नईत 2015 आणि 2023 च्या डिसेंबरमध्ये. तिथल्या गाड्या पॉलिश होऊन महामार्गानं आपल्याच दिशेनं येतात.

मी एकदा एक जर्मन एसयूव्ही बघायला गेलो होतो. बाहेरून आरशासारखी, आत सीटचं कातडं नवं, भाव बाजारापेक्षा सहा लाखांनी कमी. माझ्याबरोबरच्या मिस्त्रीनं बोनेट उघडलंच नाही. तो ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसला आणि बेल्ट हळूहळू, अगदी संपेपर्यंत ओढत राहिला. वरचा भाग काळाभोर, स्वच्छ. शेवटच्या दीड-दोन वितीत मात्र एक आडवी पिवळसर रेघ होती, आणि तिच्या पुढं कापड पापडासारखं कडक झालेलं. त्यानं नखानं खरवडलं तर नखात बारीक माती आली. बेल्टचं रीळ खांबाच्या तळाशी, आवरणाच्या आत असतं. सीट धुतात, गालिचा बदलतात, रिळातला बेल्ट कुणी उलगडून धूत नाही. "साहेब, चला," एवढंच तो म्हणाला.

तेव्हापासून मी बेल्ट आधी ओढतो. मग डिकीतली स्टेपनी उचलून खालचा खड्डा, सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशखालच्या वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट थर आहे का, ते बघतो. काचा बंद करून दहा मिनिटं उन्हात उभी केलेली गाडी आतून कुबट वास मारते का, तेही. आलिशान गाड्यांत बरेच कंट्रोल मॉड्यूल सीटखाली किंवा डिकीच्या तळाशी असतात. वीतभर पाणी शिरलं तरी ते महिन्यांनी, एकेक करून, दगा देतात. पुराची खूण सापडली तर भाव किती कमी करतो ते विचारूही नका. निघा.

पायरी 5: संध्याकाळी टेप, सकाळी गार इंजिन, मग पन्हाळा

संध्याकाळी गाडी सपाट जागी लावून घ्या आणि चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं मोजून लिहून ठेवा. सकाळी गाडी चालू करायच्या आधी पुन्हा मोजा. एखादा कोपरा दोन बोटं खाली बसला असेल तर त्या बाजूची सस्पेन्शनची बॅग किंवा व्हॉल्व्ह गळतोय.

इंजिन गारच हवं. मालकानं "म्हटलं, येताय तर जरा तापवून ठेवू" असं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी या. बोनेटवर हात ठेवून खात्री करा. माझा मिस्त्री म्हणतो, तापल्यावर सगळ्याच गाड्या गोड बोलतात. स्टार्ट होताना पहिल्या सेकंद-दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ खडखड आली तर टायमिंग चेनचा संशय घ्या. दहा मिनिटं जागेवर चालू ठेवून मग एकदम रेस केल्यावर मागं निळा धूर निघाला तर ऑइल जळतंय.

टायर वाकून बघा. डीओटी अक्षरांपुढच्या शेवटच्या चार अंकांत आठवडा आणि वर्ष असतं. 2321 म्हणजे 2021 चा तेविसावा आठवडा. पुढच्या-मागच्या मापात फरक असू शकतो, पण चारही टायर एकाच कंपनीचे आणि झीज जवळपास सारखी हवी. एक चाक दुसऱ्यापेक्षा सतत कमी-जास्त फिरलं की ट्रान्स्फर केस झिजते. ते तपासायला मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू गोल फिरवा. धक्के बसले, गाडी अडखळली, तर ते लक्षण चांगलं नाही.

मग वाघबीळमार्गे पन्हाळा. चढावर गिअर पडताना झटका येतो का, तापमानाचा काटा हलतो का, वर पोचून इंजिन चालूच ठेवल्यावर कुलंटचा गोडसर वास येतो का, हे सगळं वीस किलोमीटरांत कळतं. उतरताना स्टेअरिंग थरथरलं तर डिस्क वाकल्यात. गळीत हंगामात जात असाल तर पहाटे जा. उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत गेलात तर काहीच कळणार नाही.

स्कॅनर दोनदा लावायचा, फेरीआधी आणि फेरीनंतर. मॉड्यूलमध्ये नोंदलेले फॉल्ट पुसून गाडी दाखवायची युक्ती सर्रास चालते. पण फॉल्ट पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अपूर्ण दिसतात आणि पुरेसं चालल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. मीटरचे किलोमीटरही एकाच ठिकाणी नसतात, ते इतर मॉड्यूलमध्ये साठतात. तिथले आकडे मीटरशी जुळवायला सांगा.

पायरी 6: कागद

एमएच-09 म्हणजे कोल्हापूर पासिंगची, एकहाती, अधिकृत वर्कशॉपची नोंद असलेली गाडी मिळाली तर कागदाचं काम हलकं आहे: मालकी बदलायला फॉर्म 29 आणि 30, बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायला फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी, थकलेली चलनं मालकाकडून भरून घ्यायची. सर्व्हिसची नोंद मालकाकडूनच, चासी नंबर देऊन, कंपनीच्या वर्कशॉपमधून मागवून घ्या. छापील पुस्तकावरचे शिक्के कुणीही मारतो.

दिल्ली, हरियाणा किंवा पुदुच्चेरी पासिंगची गाडी स्वस्त दिसते, कारण तिच्यावर महाराष्ट्राचा कर भरायचा बाकी असतो. मूळ आरटीओची एनओसी लागते आणि बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी इथं ठेवायची तर नोंदणी बदलणं कायद्यानं बंधनकारक आहे. इथला एकरकमी कर 20 लाखांवरच्या पेट्रोल गाडीला 13 टक्के, डिझेलला 15 आणि आयात केलेल्या गाडीला 20 टक्के. तो मूळ किमतीवर, वयाप्रमाणे घट धरून आकारतात. दोन कोटींच्या गाडीला हा आकडा सगळी स्वस्ताई खाऊन टाकतो. आधीच्या राज्याचा परतावा मिळायला किती चपला झिजतात ते ज्यानं केलंय त्यालाच विचारा. मी स्वतः परराज्यातली गाडी बघतच नाही.

डीलरकडून घेताना बिलात पूर्ण किमतीवर 18 टक्के जीएसटी लावला तर थांबवा. जुन्या गाडीवरचा तो कर डीलरच्या फरकावर, म्हणजे त्यानं घेतलेल्या आणि विकलेल्या किमतीतल्या अंतरावर असतो. मालकाकडून थेट घेतली तर तो नाहीच.

पायरी 7: व्यवहार आणि पहिला महिना

मिस्त्रीनं काढलेली यादी समोर ठेवून बोला. "आणखी थोडं कमी करा" म्हणण्यापेक्षा "पुढच्या सस्पेन्शनच्या बॅगा, गिअरबॉक्सचं ऑइल, चार टायर, एवढं काम आहे, एवढे कमी करा" हे बोलणं मालकालाही पटतं. फॉर्मवर सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका, आणि विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तेव्हा हप्ता त्याच्या पावतीवरून मोजू नका. पूरक्षेत्रात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाणी शिरून इंजिन बिघडलं तर भरपाई देणारं विमा-संरक्षण, घ्याच.

घरच्यांना हेही सांगून ठेवा की फॉर्च्युनर विकायला काढली तर दोन दिवसांत दारात गिऱ्हाईक येतं, या गाडीला काही महिने थांबावं लागेल.

गाडी घरी आली की इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि ट्रान्स्फर केसचं ऑइल, कुलंट आणि ब्रेक फ्लुइड एकदमच बदला, आधी कधीही बदललं असो. पेट्रोल झाकणाच्या आत लिहिलेल्या ऑक्टेनचंच टाका. महिनाभर रोज सकाळी गाडी निघाल्यावर खालच्या फरशीवर डाग पडलाय का ते बघा आणि पंधरा दिवसांनी तोच टेप घेऊन चारही कोपरे पुन्हा मोजा. फ्लॅटबेडवाल्याचा आणि मिस्त्रीचा नंबर कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. आंबा घाटात मोबाइलची बॅटरी संपली तरी तो वाचता येतो.