तलंगा अंड्यावर येत नाहीत? या चुका टाळा

तलंगा, म्हणजे अजून पहिलं अंडं न दिलेल्या तरुण कोंबड्या, पाच महिन्यांच्या झाल्या, रोज मूठमूठ ज्वारी खातात आणि अंड्याचा पत्ता नाही. मग घरात चर्चा सुरू होते: जात वाईट निघाली, नजर लागली, कोंबडा नाही म्हणून अडलं. कोंबड्याचं तर काढूनच टाका. अंडं घालायला कोंबडा लागत नाही, पिल्लं काढायची असतील तरच लागतो. खरी कारणं बहुतेक वेळा खाण्यात, उजेडात किंवा अंडं घालायच्या जागेत सापडतात. आणि पुष्कळदा तलंग अंडी देत असते, फक्त ती कुठे देते ते घरच्यांना माहीत नसतं.

वय मोजताना जात विसरणं

पिंजऱ्यातली पांढरी लेअर, म्हणजे फक्त अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी १८ ते २० आठवड्यांत अंड्यावर येते. तोच हिशेब अंगणातल्या कोंबडीला लावला की उगाच काळजी लागते. ऱ्होड आयलंड रेड साधारण २० ते २२ आठवडे घेते, ग्रामप्रिया २३-२४ आणि वनराज २५-२६. कडकनाथला सहा महिने धरा. गावरान तलंगेला सहा-सात महिने लागले तरी त्यात वावगं काही नाही. शिवाय गावरान कोंबडी वर्षाला ६०-८० अंड्यांचीच धनी असते, तीही टप्प्याटप्प्यानं. १०-१५ अंडी झाली की ती खुडूक बसते, म्हणजे अंडी देणं थांबवून ती उबवायला बसते. तिच्याकडून रोजच्या अंड्याची अपेक्षा ठेवणंच चूक आहे.

एक फसवणूक मात्र ओळखून ठेवा. आठवडी बाजारात गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं स्वस्तात मिळतात, ती बहुतेक लेअर हॅचरीतले नर असतात. दोन-तीन महिन्यांनी कंबरेवर लांब, टोकदार, चकाकणारी पिसं दिसली की तो कोंबडा समजा. खात्रीची पिल्लं किंवा तलंगा हव्या असतील तर छत्रपती संभाजीनगरला पशुसंवर्धन खात्याचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तिथे आधी नोंदणी करावी.

कॅलेंडर पाहणं, कोंबडी न पाहणं

तलंग अंड्याच्या जवळ आली की नाही हे हातात धरून दोन मिनिटांत कळतं. तुरा आणि गालाखालच्या लोळ्या फिक्या गुलाबी असतील तर अजून अवकाश आहे. त्या लालभडक आणि मऊ झाल्या, तर दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न उरला. नंतर शेपटीखाली गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंची टोकदार हाडं चाचपा. त्यांच्यामध्ये जेमतेम एक बोट मावत असेल तर तलंग कच्ची आहे. दोन ते तीन बोटं मावली, गुदद्वार मोठं आणि ओलसर दिसलं, तर ती तयार आहे किंवा आधीच अंडी देते आहे. पाठीवर हात ठेवताच पंख किंचित पसरून खाली बसणं हीसुद्धा तयारीची खूण.

हात लावल्यावर छातीचं हाड सुरीच्या धारेसारखं लागलं तर तलंग उपाशी किंवा जंतांनी पोखरलेली आहे. उलट, पोटाखाली थुलथुलीत चरबी लागली तर तिला धान्य जास्त झालंय. या दोघींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून तपासल्याशिवाय खुराक बदलू नका.

नुसत्या ज्वारीवर तलंगा वाढवणं

मराठवाड्यातली ही सर्वांत मोठी आणि सर्वांत जुनी चूक. ज्वारीत प्रथिनं साधारण १० टक्के, मक्यात त्याहून थोडी कमी. अंड्यावर येणाऱ्या तलंगेला १६ टक्क्यांच्या आसपास लागतात. रानात मोकळी फिरणारी कोंबडी पावसाळ्यात किडे, वाळवी, कोवळा पाला खाऊन ही तूट भरून काढते. फेब्रुवारीनंतर रान मोकळं आणि कोरडं पडतं, किडा मिळत नाही, आणि मूठभर ज्वारीवर ती फक्त जिवंत राहते. वनराजसारख्या वजनदार जातीत याचंच दुसरं टोक दिसतं: मका भरपूर, प्रथिनं कमी, त्यामुळे अंगावर चरबी चढते आणि अंडं लांबतं. वनराज तलंग अंड्यावर येताना दोन-सव्वादोन किलोच्या आसपास असावी, तीन किलोची नव्हे.

तयार ग्रोअर (वाढत्या तलंगांचं) आणि नंतर लेअर (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) खाद्य परवडत असेल तर उत्तम. घरी मिसळायचं असेल, तर अंड्यावर आलेल्या कोंबड्यांसाठी १० किलोचं साधं प्रमाण असं धरा: भरडलेला मका, ज्वारी किंवा बाजरी मिळून साडेपाच किलो, सोयाबीन पेंड २ किलो २०० ग्रॅम, गव्हाचा कोंडा १ किलो २०० ग्रॅम, शिंपल्यांचा चुरा ९०० ग्रॅम, कोंबड्यांचं खनिज मिश्रण २०० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम. मीठ आणि खनिज मिश्रण आधी कोंड्यात नीट कालवून घ्या, मग बाकीच्यात मिसळा. नाहीतर मिठाचा खडा एकाच कोंबडीच्या वाट्याला जातो. पूर्ण बंदिस्त कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं. रानात चरणारीला संध्याकाळी ४०-५० ग्रॅमची जोड पुरते, पण उन्हाळ्यात ती वाढवावी लागते.

या मिश्रणात तीन ठिकाणी हमखास घोळ होतो. लातूर-नांदेड पट्ट्यात सोयाबीन घरचंच असतं, म्हणून कच्चं सोयाबीन भरडून घालतात. कच्च्या दाण्यात प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, त्यामुळे प्रथिनं पोटात जाऊनही अंगी लागत नाहीत. तेल काढलेली, प्रक्रिया झालेली पेंडच वापरा, किंवा दाणे चांगले भाजून घ्या. दुसरी वस्तू सरकी पेंड. म्हशीला चालते म्हणून कोंबडीला घालू नका. त्यातल्या गॉसिपॉल या विषारी घटकामुळे साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो आणि प्रमाण वाढलं तर कोंबडीलाही ते बाधतं. तिसरी, पावसात भिजून काळी पडलेली खरीप ज्वारी आणि बुरशी आलेला मका. माणसांना नको म्हणून ते कोंबड्यांकडे येतं. बुरशीचं विष यकृतावर जातं, आणि मग तलंग खाते-पिते पण अंड्यावर काही येत नाही. असं धान्य उन्हात वाळवून विष जात नाही, ते टाकूनच द्यावं.

लेअर खाद्याची घाई

अंडी लवकर मिळावीत म्हणून तिसऱ्या महिन्यातच लेअर खाद्य चालू करणारे बरेच आहेत. लेअर खाद्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असतं, वाढत्या तलंगेला एक टक्का पुरतं. जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडावर पडतं, आणि ते नुकसान पुढे भरून निघत नाही. तुरा लाल होईपर्यंत ग्रोअर चालू ठेवा, मग आठवडाभर निम्मंनिम्मं करून लेअरवर न्या.

उशीरही तितकाच महाग. पहिल्या अंड्याआधी सुमारे दोन आठवडे कोंबडी हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा साठा करते. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं, आणि खाण्यातून मिळालं नाही तर ते हाडांतून काढलं जातं. अशी कोंबडी काही अंडी देऊन पायातून बसते. म्हणून तुरा रंगू लागला की शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. ज्या कोंबडीला हवा ती तेवढाच खाते आणि कोंबड्याच्या पोटात विनाकारण जात नाही. शिंपले म्हणजे चुना नव्हे. पानाचा किंवा भिंतीचा चुना खाद्यात कालवू नका, तोंड आणि अन्ननलिका भाजते. दाणा दळायला पोटात बारीक खडे लागतात, ते शिंपल्यांनी भागत नाही. बांधलेल्या कोंबड्यांना चाळलेला मुरूम टाकत जा.

उजेडाची उलटी चाल

दिवस वाढत गेला की कोंबडी अंड्याकडे वळते, घटत गेला की मागे सरते. आपल्याकडे जूनमधला मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरचा लहान दिवस ११ तासांचा. भरात अंडी द्यायला १४ ते १६ तास उजेड लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेल्या पिल्लांच्या तलंगा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तयार होतात, नेमक्या घटत्या दिवसांत. त्या महिना-दीड महिना मागे पडल्या तर तो त्यांचा दोष नाही. जुलै-ऑगस्टची पिल्लं जानेवारी-फेब्रुवारीत, वाढत्या दिवसात आणि थंडीत अंड्यावर येतात. आमच्या मते मराठवाड्यात हीच पिल्लं काढायची खरी वेळ.

बल्ब लावायचाच असेल तर तलंगेचं अंग भरल्यावर, तुरा रंगल्यावर लावा. हडकुळ्या तलंगेवर उजेडाचा मारा केला की ती छोटी अंडी लवकर देऊ लागते, आणि जोर लावताना मागचा भाग बाहेर येण्याचा धोका वाढतो. १० बाय १० फुटांच्या खुराड्याला ९ वॅटचा एक एलईडी बल्ब पुरे. तो संध्याकाळी नको, पहाटे सूर्योदयाआधी लावा, म्हणजे सांज पडताना कोंबड्या आपसूक काठीवर चढतात. आठवड्याला अर्धा तास वाढवत १४ तासांपर्यंत न्या. एकदा वाढवलेला उजेड मध्येच कमी करू नका. भारनियमनात बल्ब दोन दिवस चालू, तीन दिवस बंद अशी गत होणार असेल, तर तो न लावलेलाच बरा.

अंडं घालायला जागाच नसणं

हाडांमध्ये तीन बोटं मावतात, तुरा लाल आहे, तरी अंडं नाही? मग कडब्याची गंजी, तुराट्या-पऱ्हाट्यांचे ढीग आणि सोयाबीनचं भुसकट शोधायला लागा. जुन्या माळवदाच्या घरात कोनाडेही पाहा. तलंग पहिलं अंडं जिथे घालते तिथेच पुन्हा जाते, म्हणून पहिल्या अंड्याच्या दोन-तीन आठवडे आधी खुराड्यात जागा तयार हवी.

चार-पाच कोंबड्यांना एक खोकं, लांबी-रुंदी-उंची प्रत्येकी एक फूट, पुढे चार इंची पट्टी. जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, अंधाऱ्या कोपऱ्यात, आत तीन इंच कोरडं भुसकट. बसायची काठी खोक्यापेक्षा उंच बांधा. ती खाली असेल तर कोंबड्या रात्री खोक्यातच झोपतात आणि ते घाण करून ठेवतात. आत प्लास्टिकचं किंवा लाकडाचं अंडं ठेवलं की तलंगांना जागा समजते. बाहेर अंडी घालायची खोड लागली असेल तर आठ-दहा दिवस सकाळी १० पर्यंत खुराडं उघडू नका, बहुतेक अंडी तोवर पडलेली असतात. अंडी दिवसातून दोन-तीनदा उचला. साचलेली अंडी फुटतात आणि कोंबड्यांना अंडं खायची चटक लागते.

उन्हाळा, पाणी, जागाबदल

पारा ४० च्या वर गेला की कोंबडी खाणं कमी करते, धापा टाकते आणि कवच पातळ होतं. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात तलंग थांबली तर आश्चर्य नको. खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्या. एरवी पाव लिटर पाणी पिणारी कोंबडी या दिवसांत अर्ध्या लिटरवर जाते, म्हणून सावलीत मातीच्या परळात दिवसातून तीनदा ताजं पाणी भरा. पत्र्याला वरून चुना मारा किंवा कडब्याच्या पेंढ्या अंथरा. एक दुपार पाण्याशिवाय गेली तर अंडी कित्येक दिवस बंद पडू शकतात.

अंड्याच्या तोंडावर आलेली तलंग विकत आणली की नव्या जागेत ती दोन-तीन आठवडे सहज थांबते. तीन-चार महिन्यांचीच आणा.

अंगावरचे आणि पोटातले चोर

रात्री बॅटरी घेऊन काठीच्या खालच्या फटी पाहा. लाल-करडे बारीक ठिपके हलताना दिसले तर ते रक्त पिणारे किडे आहेत, दिवसा सापडत नाहीत. फटी उकळत्या पाण्यानं धुऊन चुना मारा आणि कोरडी राख-माती एकत्र करून लोळायला द्या. कपाशीवर फवारायचं औषध कोंबडीवर किंवा खुराड्यात मारू नका, कोंबडी मरते आणि अंड्यातून ते घरात येतं. पेरणीनंतर उरलेलं, औषध चोळलेलं बियाणंही खाऊ घालू नका. थायरमसारख्या बुरशीनाशकानं कवच नसलेली, मऊ अंडी पडतात.

चौथ्या महिन्यात पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं जंतांचं औषध द्या आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस अंड्यावर येण्याआधीच पूर्ण करा. लसीची बाटली शंभर-दोनशे मात्रांची असते आणि कालवल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून गल्लीतल्या सगळ्यांनी आपापल्या कोंबड्यांना एकाच दिवशी टोचून घ्यावं.

पहिली अंडी पाहून घाबरणं

सुरुवातीची अंडी लहान असतात. एखादं दोन बलकांचं, एखादं मऊ कवचाचं, एखाद्यावर रक्ताची रेघ. दोन-तीन आठवड्यांत हे बसतं. एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यामुळे वेळ रोज पुढे सरकते आणि मधे एक दिवस खाडा पडतो. मऊ कवच महिनाभर टिकलं तरच शिंपले आणि खाद्य तपासा.

थांबू नये अशी एकच स्थिती: तलंग शेपटी खाली पाडून, पंख लोंबकळत, पुन्हा पुन्हा जोर लावते आणि खात नाही. अंडं अडकलंय. तिचा मागचा भाग हाताला सोसेल अशा कोमट पाण्यात १५-२० मिनिटं बुडवून धरा, गुदद्वाराला खोबरेल तेल लावा आणि अंधाऱ्या, उबदार जागी एकटं ठेवा. पोट दाबून अंडं बाहेर ढकलायला जाऊ नका, आत फुटलं तर कोंबडी वाचत नाही. काही तासांत मोकळी झाली नाही तर दवाखान्यात न्या.