संस्थेचं काम चांगलं, तरी अनुदान अडलं? या चुका टाळा

"आमची फाईल दिल्लीत अडकली आहे." दिव्यांगांसाठी किंवा ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या कुठल्याही संस्थेत मार्चच्या आसपास गेलात तर हे वाक्य हमखास कानावर पडतं. पोर्टल उघडून पाहिलं तर फाईल बऱ्याचदा जिल्ह्यातच निघते, आणि तिच्यावर त्रुटी लागून महिने उलटलेले असतात. त्रुटी कोणती? अध्यक्षांचं नाव जुळत नाही. किंवा मागच्या वर्षीच्या यूसीतली (अनुदान कसं वापरलं त्याच्या प्रमाणपत्रातली) शिल्लक ऑडिटमधल्या शिल्लकेशी जुळत नाही. काम चांगलं की वाईट, हा प्रश्न तिथवर आलेलाच नसतो.

इथे प्रामुख्याने केंद्र सरकारच्या दोन योजनांबद्दल लिहितो आहे, कारण महाराष्ट्रातल्या लहान संस्थांचा संबंध जास्त करून याच दोन योजनांशी येतो. पहिली दीनदयाल दिव्यांग पुनर्वसन योजना. विशेष शाळा, लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र, मनोरुग्णांसाठी हाफवे होम (आजारातून सावरताना राहण्याचं घर), कुष्ठमुक्तांचं पुनर्वसन असे प्रकल्प तिच्यात बसतात. दुसरी ज्येष्ठ नागरिकांसाठीची. 1992 मध्ये सुरू झालेला एकात्मिक कार्यक्रम 2021 पासून अटल वयो अभ्युदय योजनेखाली चालतो. वृद्धाश्रम, फिरता दवाखाना, फिजिओथेरपी केंद्र, डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी निवास हे सगळं त्यात येतं. दोन्हींचे अर्ज ई-अनुदान पोर्टलवरूनच जातात.

एकच संस्था, तीन नावं

सर्वांत जास्त फाईली इथे थांबतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

महाराष्ट्रात संस्था अधिनियम 1860 खाली नोंदलेल्या संस्थेची सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदणी होते. त्यामुळे तिच्याकडे दोन प्रमाणपत्रं असतात, दोन क्रमांक असतात आणि अनेकदा दोन तारखा असतात. एक सोसायटीचा क्रमांक, दुसरा न्यासाचा 'एफ' ने सुरू होणारा. स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीसाठी असलेल्या सरकारच्या दर्पण पोर्टलवर नोंदणी करताना कोणीतरी पहिला भरतो, ई-अनुदानवर दुसरा कोणीतरी दुसरा भरतो. तपासणाऱ्याला या दोन वेगळ्या संस्था दिसतात. कोणता क्रमांक वापरायचा ते एकदा ठरवा आणि सगळीकडे तोच ठेवा. दोन्ही प्रमाणपत्रं एकाच पीडीएफमध्ये जोडायची सवय लावा.

मग नावाचं इंग्रजी स्पेलिंग. मराठी प्रमाणपत्रावर 'प्रतिष्ठान' स्वच्छ लिहिलेलं असतं. पॅन कार्ड काढताना त्यातला एक एच गळतो, बँकेत तो परत येतो आणि दर्पणवर 'सेवाभावी' तुटून दोन शब्द होतात. माणसाला हे एकच वाटतं, पीएफएमएसला (सरकारी पैसा खात्यात पाठवणाऱ्या संगणक प्रणालीला) वाटत नाही. नोंदणी नाकारली जाते नाहीतर मंजूर रक्कम खात्यापर्यंत येऊन परत जाते. उपाय कंटाळवाणा पण सोपा: पॅनवरचं स्पेलिंग प्रमाण माना आणि बँक, दर्पण, पीएफएमएस, ई-अनुदान चारही ठिकाणी अक्षर न् अक्षर तेच करून घ्या. पॅनवरच चूक असेल तर आधी पॅन दुरुस्त करा. हे काम अर्जाची खिडकी उघडल्यावर होत नाही, त्याआधीच करून ठेवावं लागतं.

चेंज रिपोर्ट राहून गेला

कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो. सार्वजनिक न्यास कायद्याचं कलम 22 सगळ्यांना माहीत असतं, तरी राहून जातं. निवडणूक बिनविरोध झाली, पेढे वाटले, बँकेत सह्या बदलल्या, की विषय संपला असं वाटतं. पुढे अर्जासोबत शेड्यूल-1 चा (धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीचा) उतारा जोडावा लागतो आणि त्यावर चार वर्षांपूर्वी वारलेले अध्यक्ष अजून अध्यक्षच असतात. अर्जावर सही वेगळ्याची, दर्पणवर पॅन आणि आधार तिसऱ्याचे. अशा फाईलला कोणताही अधिकारी हात लावत नाही, आणि त्यात त्याचं चुकतही नाही.

मुदत उलटली असली तर विलंब माफीच्या अर्जासह चेंज रिपोर्ट दाखल करा. निकाल लगेच लागेल अशी आशा धरू नका. दाखल केल्याची पोच, चौकशी क्रमांक आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावाची प्रत अनुदानाच्या अर्जाला जोडा. निकाल प्रलंबित असणं चालवून घेतलं जातं, दाखलच न केलेलं सहसा चालत नाही. विश्वस्तांमध्ये वाद असेल आणि दोन गटांनी दोन चेंज रिपोर्ट टाकले असतील, तर मात्र आधी वाद मिटवा. त्या अवस्थेत अनुदानाच्या मागे धावणं व्यर्थ आहे.

चुकीचं दार

मतिमंद, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांग प्रौढांसाठी निवासगृह चालवता? मग केंद्राच्या नॅशनल ट्रस्टची घरौंदा (आता समर्थ-सह-घरौंदा) योजना आधी पाहा. तिची नोंदणी, अर्ज, सगळंच वेगळं आहे. डिमेन्शियाचे रुग्ण सांभाळता? ते ज्येष्ठांच्या योजनेत. मानसिक आजारातून सावरणाऱ्यांचं हाफवे होम दिव्यांगांच्या योजनेत. एका छपराखाली हे तिन्ही चालत असेल तर तीन प्रकल्प, तीन हिशेब आणि तीन लाभार्थी याद्या. शासकीय पैसा घेणाऱ्या संस्थेला लेखी द्यावं लागतं की याच कामासाठी दुसऱ्या कुठल्याही खात्याकडून, केंद्र असो वा राज्य, अनुदान घेतलेलं नाही आणि मागितलेलंही नाही. राज्याच्या अनुदानित विशेष शाळेतली मुलं केंद्राच्या प्रकल्पातही दाखवली गेली तर प्रकरण त्रुटीवर थांबत नाही, वसुलीपर्यंत जातं.

आणखी एक गोंधळ आपल्याकडचा. जिल्ह्यात समाजकल्याणाची कार्यालयं दोन असतात: एक जिल्हा परिषदेचं, एक राज्य शासनाच्या सहायक आयुक्तांचं. फाईल नेमकी कोणाच्या लॉगिनला आहे हे विचारल्याशिवाय खेटे घालू नका. दिव्यांगांसाठी 2022 पासून राज्यात स्वतंत्र विभाग झाला आहे, त्यामुळे जुन्या माणसांनी सांगितलेला रस्ता तसाच असेल असं धरून चालू नका.

दिव्यांग हक्क अधिनियम 2016 खालचं नोंदणी प्रमाणपत्रही इथेच नजरेखालून घाला. ते संपण्याच्या किमान 60 दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज द्यावा लागतो. त्यावरचा पत्ता वाचा. भाड्याची इमारत बदलली आणि प्रमाणपत्र जुन्याच पत्त्यावर राहिलं, हे वारंवार दिसतं. तपासणी अधिकारी जुन्या पत्त्यावर जातो, तिथे मोबाईलचं दुकान असतं आणि अहवालात 'संस्था आढळली नाही' असं लिहिलं जातं.

शंभर टक्के हजेरी

हजेरीपट फारच सुंदर असला की तपासणीला आलेल्या माणसाच्या भुवया उंचावतात. दिवाळीच्या आठवड्यातही पंचवीसपैकी पंचवीस आजी-आजोबा हजर? गणपतीत कोकणातलं एकही मूल घरी गेलं नाही? कोणी गैरहजर असेल तर गैरहजर लिहा. रजेची वेगळी वही ठेवा: कोण, कोणाबरोबर, कुठे गेलं, कधी परतणार, नेणाऱ्याची सही. अचानक तपासणीला इमारतीत सतरा जण सापडले आणि उरलेल्या आठांची नोंद वहीत असली तर अडचण येत नाही. नोंद नसेल तर ते आठ जण बनावट ठरतात, मग ते खरोखर नातीच्या लग्नाला का गेलेले असेनात.

वृद्धाश्रमांची वेगळी गडबड असते. अनुदान निराधार ज्येष्ठांसाठी आहे. त्याच इमारतीत दरमहा पैसे भरून राहणारेही असतात आणि पंचवीसची संख्या भरायला त्यांतले चार जण यादीत सरकवले जातात. मग त्यांच्या पावत्या ऑडिटमध्ये उत्पन्न म्हणून दिसतात. सशुल्क निवासी ठेवायला हरकत नाही, पण त्यांचं रजिस्टर, पावतीपुस्तक आणि खर्च पूर्ण वेगळा हवा. संख्या कमी भरत असेल तर कमीच दाखवा. कमी संख्येवर अनुदान कापलं जातं, खोट्या संख्येवर संस्था काळ्या यादीत जाऊ शकते.

दिव्यांगांच्या यादीत प्रत्येकाचा यूडीआयडी (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) क्रमांक हवा. ज्यांचं कार्ड निघालेलं नाही त्यांच्या अर्जाची पावती ठेवा आणि जिल्हा रुग्णालयात मुलांना गटाने घेऊन जा. पालक एकेकटे जात नाहीत, गेले तरी एका फेरीत काम होत नाही. शिक्षकांच्या बाबतीत भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी चालू आहे का ते पाहा. ती दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी सीआरईचे (सेवेत असताना घ्यायच्या प्रशिक्षणाचे) 100 गुण जमवावे लागतात. नोंदणी संपलेल्या शिक्षिकेचं मानधन खर्चात धरलं जाईलच असं नाही, भले ती वीस वर्षं उत्तम शिकवत असेल.

पैसा: येताना उशीर, जाताना हिशेब

अनुदान आगाऊ येईल आणि त्यातून पगार करू, असं धरून चालणाऱ्या संस्था पहिल्या दोन वर्षांतच कोलमडतात. व्यवहारात हा पैसा बहुतेक वेळा झालेल्या खर्चाच्या मागून येतो. शिवाय या योजनांत साधारणपणे काही वाटा संस्थेने स्वतः उभा करायचा असतो. किमान सहा महिन्यांचं मानधन आणि किराणा निघेल एवढी गंगाजळी नसेल तर नवा प्रकल्प मागूच नका, असं मी स्पष्ट सांगतो. लोकांना ते आवडत नाही.

मग होतं काय, तर विश्वस्त स्वतःच्या खिशातून पैसे घालतात. ताळेबंदात ते 'विश्वस्तांकडून हातउसने' म्हणून येतात आणि ऑडिटर त्यावर शेरा मारतो, कारण न्यासासाठी कर्ज घ्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. भावना कितीही चांगली असो, न्यास कायद्याच्या कलम 36अ ला तिच्याशी देणंघेणं नाही. पैसे परत नको असतील तर सरळ देणगीची पावती फाडा. परत हवे असतील तर आधी परवानगीचा अर्ज करा.

अनुदानाचं खातं वेगळं ठेवा. देणगी, सभासद वर्गणी, सशुल्क निवाशांचे पैसे यातलं काहीही त्यात पडू देऊ नका. त्या खात्यावर व्याज जमा होतं आणि ते संस्थेचं नसतं, ही गोष्ट अनेक खजिनदारांना पटत नाही. सामान्य वित्तीय नियम (जीएफआर) 2017 प्रमाणे हिशेब पक्के झाले की ते व्याज भारताच्या संचित निधीत भरायचं असतं; भारतकोश पोर्टलवरून भरता येतं. रक्कम तीनशे रुपये असली तरी भरा आणि चलन जपून ठेवा.

यूसी म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. संस्थांसाठीचा नमुना जीएफआर 12-अ. राज्य सरकारांसाठीचा 12-क वेगळा आहे आणि घाईत तोच डाउनलोड करून भरणारेही आहेत. नियमाने मुदत आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांची, पण पुढच्या अर्जाला आधीचं यूसी मागितलं जातं, त्यामुळे तेवढं थांबणं परवडत नाही. आरंभीची शिल्लक, मिळालेली रक्कम, व्याज, खर्च, अखेरची शिल्लक हे पाच आकडे ऑडिटच्या जमा-खर्च पत्रकाशी रुपयापर्यंत जुळले पाहिजेत. सीएंच्या सहीखाली यूडीआयएन (त्या प्रमाणपत्राचा ऑनलाइन पडताळता येणारा क्रमांक) हवा. 2019 पासून तो सक्तीचा आहे. यूसी एका सीएंकडून, ऑडिट दुसऱ्याकडून असं करू नका.

खर्चाच्या एका शीर्षाखालचे पैसे दुसरीकडे वळवणं ही आणखी एक सवय. भाड्याचे वाचले म्हणून गॅस सिलिंडरला लावले, तर पैसा योग्य कामाला गेला तरी खर्च नामंजूर होतो. अनुदानातून घेतलेली गाडी, व्यायामाची यंत्रं, श्रवणयंत्र तपासणीचं साहित्य यांचं रजिस्टर ठेवा. परवानगीशिवाय त्यातलं काही विकता येत नाही, भंगारातसुद्धा.

आणि एक गोष्ट आडपडदा न ठेवता लिहितो. काही ठिकाणी कर्मचाऱ्याच्या खात्यात पूर्ण मानधन टाकून त्यातला भाग रोखीने परत घेतला जातो. 'संस्था चालवायची तर करावंच लागतं' असं समर्थनही ऐकलं आहे. ही फसवणूक आहे. ती बाहेर येते ती कर्मचारी नोकरी सोडताना, आणि तेव्हा सह्या करणारे विश्वस्त अडकतात.

त्रुटी निघाली तर

आधी पाहा, त्रुटीचा संदेश कोणाच्या मोबाईलवर जातो. पोर्टलवर नोंदवलेला क्रमांक नेट कॅफेवाल्याचा किंवा नोकरी सोडून गेलेल्या लिपिकाचा असतो. तो बदला. संस्थेच्या नावाने एक ईमेल आणि एक सिमकार्ड ठेवा, आणि पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असू द्या.

उत्तर पोर्टलवरच द्या. त्याच त्रुटीचं उत्तर टपालाने दिल्लीला पाठवलं तर पोर्टलवर त्रुटी तशीच उघडी राहते. विचारलं असेल तेवढंच जोडा; चाळीस पानी स्मरणिका आणि मंत्र्यांबरोबरचे फोटो जोडून काही साधत नाही. स्कॅन सरळ, वाचता येईल असा, आणि फाईलच्या नावावरून आत काय आहे ते कळेल असा हवा.

तपासणीच होत नसेल तर जिल्हा कार्यालयाला तारीख मागणारं पत्र द्या आणि आवक शिक्क्याची प्रत घ्या. त्यानंतरही हालचाल नसेल तर सीपीग्राम्स या केंद्राच्या तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते, माहिती अधिकारात फाईलवरच्या टिप्पण्याही मागता येतात. टिप्पण्या हातात आल्या की नेमकं कुठे आणि का अडलं ते एका पानात कळतं. "दिल्लीत आपली ओळख आहे, दहा टक्क्यांत काम करून देतो" असं सांगणारा गृहस्थ याच सुमारास दारात येतो. त्याला मूळ कागद देऊ नका, पासवर्ड तर नाहीच. पोर्टलवर जे त्याला दिसतं ते तुम्हालाही दिसतं, आणि दहा टक्के हिशेबात कुठल्याच शीर्षाखाली बसत नाहीत.