रोझमेरीचं तेल काढताना आच मंद ठेवा

दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिएच्या आसपास चुनखडीच्या टेकड्यांवर रोझमेरी ही सुगंधी झुडपी वनस्पती आपल्याकडच्या घाणेरीसारखी माजलेली असते. पहिल्यांदा पान चुरगळलं तेव्हा निलगिरी आणि कापूर एकदमच नाकात शिरले. तो भास नव्हता. निलगिरीत असतं ते सिनिओल नावाचं वासाचं द्रव्य हिच्यातही असतं, आणि कापूरही. मोरोक्कोच्या तेलात सिनिओल वरचढ, स्पेनच्या तेलात कापूर बराच.

टेकडीवरचं ओरबाडू नका. मी कुंपणाचीच कापते, मार्चमध्ये निळी फुलं आली की, दव वाळल्यावर. फक्त कोवळे शेंडे घ्यायचे. खालच्या जून लाकडापर्यंत कात्री नेली तर तिथून बहुधा पुन्हा फुटत नाही.

माझं अर्क काढायचं तांब्याचं भांडं दहा लिटरचं आहे; झाकणातून निघणारी नळी गार पाण्यातून जाते, तिथे वाफेचं पुन्हा पाणी होतं. तळाला तीन लिटर पाणी, वर जाळी, जाळीवर दीड किलो शेंडे. ठासून भरलं तर वाफ एखादी फट शोधून सटकते आणि बाकीचा पाला नुसताच ओला होतो. सांधे लिंपायला इथे राय (rye) या गव्हासारख्या धान्याच्या पिठाचा गोळा वापरतात. माझ्याकडे कणीक होती, तीच थापली. छान बसते. भेग दिसली की ओलं बोट फिरवायचं.

आता आच. पहिल्या खेपेला घाई केली, पाणी आटलं, पाला करपला; त्या तेलाचा जळका वास शेवटपर्यंत गेला नाही. नळीतून थेंबांची बारीक माळ पडली पाहिजे. पडणारं पाणी बोटाला कोमट लागलं तर आच उतरवा आणि गार पाणी बदला. दीड तास तिथून हलायचं नाही.

अरुंद बाटलीत तेल वर तरंगतं. गेल्या खेपेला बारा मिलीलीटर निघालं. आई फोनवर म्हणाली, "अगं, एवढ्याशासाठी दीड किलो पाला?" मी तिला खालच्या सुगंधी पाण्याचं सांगितलं. ते गडद बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवते आणि न्हाल्यावर केसांवरून शेवटी ओतते. मला तेलापेक्षा तेच जास्त आवडतं.

तेल नुसतं अंगाला लावायचं नाही, पोटात तर नाहीच. शंभर मिली खोबरेलात दोन मिली पुष्कळ झालं. गरोदर बायका, फिट येणारी माणसं आणि लहान मुलं यांना ते नकोच.

भांडं त्याच संध्याकाळी धुवा. कणकेचे खपले सकाळपर्यंत दगड होतात.